बोटुकल्यांचा हिशेब आणि नदीचा तळ

२०२० च्या अखेरीस वृत्तपत्रांतून एक आनंदवार्ता झळकली. निळसर परांचा महसीर, ज्याला प्राणिशास्त्रज्ञ टोर खुद्री म्हणतात, तो आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत संकटग्रस्त जातींच्या वर्गातून बाहेर पडून किमान चिंतेच्या वर्गात गेला. आणि हे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० पासून चालविलेल्या मत्स्यबीज केंद्राचे फळ होय, अशी ती वार्ता होती. लाखो बोटुकल्या निरनिराळ्या राज्यांतील जलाशयांत सोडल्या गेल्याचे आकडेही सोबत होते. बातमी वाचून सुशिक्षित मध्यमवर्गाने समाधानाचा निःश्वास टाकला. खाजगी उद्योग मनावर घेईल तर निसर्गही वाचवू शकतो, हा आजच्या काळाचा लाडका सिद्धांत पुन्हा एकदा सिद्ध झाला!

ह्या केंद्राने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्यांच्यासारख्या जाणकार मत्स्यशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली महसीराची मादी हाताळून, तिची अंडी काढून, ती कृत्रिम रीतीने फळवून पिल्ले वाढविण्याचे तंत्र तेथे सिद्ध झाले. हे तंत्र सोपे नव्हते. महसीराची अंडी रोहू-कटल्याच्या मानाने मोठी असतात आणि संख्येने थोडी. एक खेप फुकट गेली की वर्ष गेले. ज्यांनी हे काम केले त्यांच्या परिश्रमाविषयी वाद नाही. वाद आहे तो ह्या यशाचा जो अर्थ लावला जातो त्याविषयी.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह ह्यांतील भेद शिकवतात. तलावात आज किती मासे आहेत हा साठा झाला. नदीत दरवर्षी किती मासे आपल्या बळावर जन्मतात, वाढतात आणि पुन्हा अंडी घालण्याइतके मोठे होतात, हा प्रवाह झाला. कारखान्यात तयार केलेले मत्स्यबीज बाहेरून ओतत राहिले तर साठा फुगलेला दिसेल. पण ज्या दिवशी ओतणे थांबेल त्या दिवशी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर बोटुकल्यांच्या संख्येत सापडत नाही. ते नदीच्या तळाशी सापडते. आणि नदीच्या तळाची मोजदाद करण्याची गरज ना शासनाला वाटते, ना कंपन्यांना, ना, खेदाने म्हणावे लागते, पुरोगामी चळवळीला.

महसीर हा चढणीचा मासा आहे. चढण म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी ओहोळातून खाली आले की मासा उलट वर निघतो, आणि वलगणीचे मासे धरायला सारा गाव रात्रीचा कंदील घेऊन बाहेर पडतो. मासा वर का निघतो? त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले, फार खोल नाही आणि फार उथळ नाही असे पाणी हवे असते. आणि त्या पाण्याखाली गोट्यांचा व खडीचा स्वच्छ तळ हवा असतो. महसीराचे अंडे जड असते. ते वाहून जात नाही; तळाशी बसते. तीन-चार दिवसांनी त्यातून पिल्लू बाहेर पडते, आणि त्यापुढचे काही दिवस ते पोहू न शकणारे पिल्लू पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगत दगडांच्या फटीत अंधारात पडून राहते. त्या फटीत गाळ भरला, पाणी अचानक उतरून खडी उघडी पडली, किंवा ती खडीच ट्रकमध्ये भरून बांधकामावर गेली, म्हणजे त्या वर्षीची पिढी संपली. मोठे मासे डोहात तसेच फिरत राहतात, काठावरून भाकरीचे तुकडे टाकणाऱ्या भाविकांना दिसत राहतात, आणि सगळे ठीक आहे असे वाटत राहते. महसीर दीर्घायुषी असल्यामुळे हा भ्रम पुष्कळ वर्षे टिकतो.

हा भ्रम किती घातक असतो ह्याचे उदाहरण शेजारच्या कावेरीने घालून दिले आहे. कावेरीत पाठीवर उंच कुबड असलेला एक महसीर होता. अजून आहे, पण किती आहे हे सांगण्याची सोय नाही. जगातील गोड्या पाण्यातल्या दांडग्या माशांत त्याची गणना होई. १९४६ साली काबिनी नदीत व्हॅन इंगेन ह्या शिकारी गृहस्थाने गळाला लावलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. साहेबांच्या ग्रंथांत, मासेमारीच्या शौकिनांच्या क्लबांत, हॉटेलांच्या भिंतींवर ह्या माशाची चित्रे लागली. मात्र त्याला निश्चित शास्त्रीय ओळख नव्हती. केरळातील पांबार नदीतून वर्णन झालेला टोर रेमादेवी आणि कावेरीचा हा कुबडधारी मासा एकच होत, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ठरविले. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त ह्या शेवटच्या वर्गात करावी लागली. नामकरण आणि मृत्युपंथाची नोंद एकाच वर्षी झाली!

आता ह्या दोन घटनांचा संबंध पाहा. १९७० च्या दशकापासून कावेरीत महसीर वाढवावा म्हणून जे मत्स्यबीज सोडण्यात आले ते कुबडधारी माशाचे नव्हतेच. ते कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील निळसर परांच्या महसीराचे, म्हणजे लोणावळ्याच्या वाणाचे होते. महसीर म्हणजे महसीर, ही शासकीय समजूत. १९९८ ते २०१२ ह्या काळातील मासेमारीच्या नोंदी अभ्यासकांनी नंतर तपासल्या, तेव्हा दिसले ते असे : बाहेरून आणलेल्या माशाची संख्या वाढत गेली होती, कावेरीच्या मूळ माशाची घटत गेली होती, आणि जे थोडे मूळ मासे गळाला लागत त्यांचे सरासरी वजन मात्र वर्षागणिक वाढत होते. भोळ्या वाचकाला वजन वाढले ही चांगली बातमी वाटेल. वस्तुतः तो मृत्युलेख होता. लहान मासे येतच नव्हते. उरले होते ते म्हातारे. एखाद्या गिरणीत कामगारांचे सरासरी वय दरवर्षी एका वर्षाने वाढू लागले तर त्याचा अर्थ कामगार दीर्घायुषी झाले असा नसतो, नवी भरती बंद झाली असा असतो.

ह्यातली विटंबना अशी की हा एवढा पुरावाही शासनाच्या कोणत्या खात्याने गोळा केलेला नव्हता. तो होता मासा पकडून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या, बहुतांशी परदेशी, पैसेवाल्या शौकिनांच्या शिबिरांतील वह्यांत. २०१२ साली संरक्षित वनक्षेत्रातील ही शौकाची मासेमारी बंद झाली आणि नोंदीही थांबल्या. शौक बंद करण्यास काही कारण असेल. परंतु त्या वह्यांच्या जागी सरकारची वही आली नाही. देशातील एका मोठ्या नदीच्या आरोग्याची एकमेव जंत्री श्रीमंतांच्या करमणुकीचे उपउत्पादन म्हणून तयार व्हावी, ह्यापेक्षा आपल्या नियोजनाच्या दारिद्र्याचे वेगळे प्रमाणपत्र कशाला हवे?

आणि आता ह्याच पट्ट्यावर मेकेदाटूचे धरण येऊ घातले आहे. वर शिवनसमुद्राचा धबधबा, खाली मेट्टूरचा जलाशय, आणि मध्ये जंगलातून, खडकांतून, खडीच्या पट्ट्यांवरून धावणारी कावेरी, असा हा प्रदेश आहे. कर्नाटक सरकारची योजना ६७ टीएमसी साठ्याची आहे. २०१८ साली केंद्रीय जल आयोगाने तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यास परवानगी दिली. योजनेचे समर्थन बंगळूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून केले जाते; त्या पिण्याच्या पाण्याचा आकडा आहे ४.७५ टीएमसी, म्हणजे साठवणीच्या शंभरातील सात. उरलेले पाणी नियमनासाठी आणि ४०० मेगावॉट विजेसाठी. तामिळनाडूचा विरोध आहे तो आपल्या वाट्याचे पाणी अडेल म्हणून. दोन्ही राज्ये टीएमसीच्या भाषेत भांडतात. धावत्या नदीचा तो पट्टा स्थिर पाण्याचा तलाव झाल्यावर तेथल्या खडीवर गाळ बसेल, आणि मग त्या माशाने अंडी कोठे घालावीत, हा प्रश्न दोघांच्याही कैफियतीत नाही.

तो कायद्यातही कसा नाही, हे लवादाच्या निवाड्यातून दिसते. कावेरी लवादाने २००७ साली एकंदर ७४० टीएमसी पाण्याची वाटणी केली. तामिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळाला ३०, पुद्दुचेरीला ७. समुद्राला अटळपणे जाणारे ४. आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी १०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांचे आकडे थोडे फिरविले. पर्यावरणाचे दहा तसेच राहिले. शंभरातील दीड देखील नाही, हा एक भाग झाला. वर्षभर समान वाटून सोडले तर ते सेकंदाला सुमारे नऊ घनमीटर भरतात. पण खरा दोष आकड्याच्या लहानपणात नाही, त्याच्या जातीत आहे. दहा टीएमसी केव्हा? कोणत्या पट्ट्यात? किती खोलीने, किती वेगाने, कोणत्या तळावरून? दरडोई सरासरी उत्पन्न सांगून भुकेचा प्रश्न सुटला असे म्हणणाऱ्यांशी ह्या देशातील समाजवाद्यांनी पन्नास वर्षे वाद घातला. दांडेकर आणि रथ ह्यांनी १९७१ साली दारिद्र्याचा हिशेब मांडला तो सरासरीच्या पडद्यामागे कोण किती खातो हे विचारूनच. नदीच्या बाबतीत मात्र आपण सरासरीवर समाधानी आहोत. २०१८ साली गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्राने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली, तीही टक्क्यांत : पावसाळ्यात तीस, हिवाळ्यात वीस. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. परंतु मासा टक्केवारीत अंडी घालत नाही.

ह्याला पर्याय काय, असे विचारले जाईल. पर्याय नवा नाही, गूढ नाही आणि फार खर्चाचाही नाही. प्रथम, मासा कोठे अंडी घालतो ते शोधणे. पुराच्या दिवसांत पाणी गढूळ असते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काही मोठ्या माशांना लहानसे रेडिओ-प्रक्षेपक बसवून ते कोठवर चढतात त्याचा माग घेतात, आणि संशयित जागी तळाशी जाळ्या व चटया अंथरून त्यावर अंडी सापडतात का ते पाहतात. अंडे सापडले म्हणजे जागा ठरली. मग त्या जागेची मापे : पाण्याची खोली, प्रवाहाचा वेग, तळाच्या दगडांचे आकारमान. दगडांचे आकारमान मोजण्याची रीत वोल्मन ह्या भूशास्त्रज्ञाने १९५४ साली सांगितली. पात्रातून चालत जायचे, पावलाच्या टोकाशी न बघता जो दगड हाताला लागेल तो उचलायचा, त्याची मधली जाडी मोजायची, आणि असे शंभर दगड झाले की थांबायचे. मोजपट्टी आणि वही, एवढेच साहित्य. महाविद्यालयातील कोणताही विद्यार्थी हे करू शकतो. ही मापे हाती आली की गणिती प्रतिमान मांडता येते. धरणातून इतके पाणी सोडले तर नदीच्या ह्या पट्ट्यात किती क्षेत्र अंडी घालण्याजोगे राहील, त्याच्या निम्मे सोडले तर किती, दुपारी विजेची मागणी वाढली म्हणून दुप्पट सोडून रात्री बंद केले तर किती अंडी उघडी पडतील, ही उत्तरे ते देते. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने ही पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बसविली. म्हणजे लोणावळ्याच्या केंद्राची आणि तिची पिढी एकच. ह्या दोहोंपैकी आपण एक उचलली आणि दुसरी दाराबाहेर ठेवली, हा योगायोग मानता येणार नाही. मत्स्यबीज केंद्र धरणाला प्रश्न विचारत नाही. पाहणी विचारते.

प्रतिमान म्हणजे देवाचा कौल नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञांनी प्रतिमानांच्या नावाखाली जे जे खपविले आहे ते पाहता त्याविषयी सावध राहणे कार्यकर्त्यांना शोभतेच. एका जातीची मापे दुसऱ्या जातीला लावली की सुंदर आलेख निघतो आणि तो संपूर्ण खोटा असतो. खुद्रीची पिल्ले कुबडधाऱ्याच्या नदीत सोडणारी बुद्धी उद्या खुद्रीची मापे कुबडधाऱ्याच्या प्रतिमानात घालणार नाही ह्याची खात्री काय? शिवाय प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघाताचा अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पवाल्याच्याच पैशावर पोसला जातो, ही २००६ च्या अधिसूचनेखालील व्यवस्था जोवर आहे, तोवर अहवालातील नदी नेहमीच सोयीची असणार. आरोपीने आपला पंचनामा आपणच नेमलेल्या माणसाकडून करून घ्यावा, तसेच हे. म्हणून पाहणी सार्वजनिक पैशाने, विद्यापीठांमार्फत, आणि तिची कच्ची मापे सर्वांना पाहण्यास खुली, ह्या अटीवरच तिचा आग्रह धरला पाहिजे.

उत्तर अमेरिकेतील कूटने नदीची हकिगत ह्या संदर्भात मननीय आहे. मोंटाना राज्यात लिबी येथे १९७२ च्या सुमारास धरण झाले. वसंतात बर्फ वितळून येणारा पूर अडला. तेच पाणी विजेसाठी हिवाळ्यात सुटू लागले. त्या नदीतील श्वेत स्टर्जन हा राक्षसी मासा त्यानंतर जवळजवळ पुनरुत्पादित झालाच नाही. मोठे मासे होते, अंडीही घालत होते. १९९४ साली त्याला कायद्याने संकटग्रस्त ठरविण्यात आले, आणि मग जी पाहणी झाली तीतून कळले की मासा अंडी घालतो तो तळ गोट्यांचा नाही, सरकत्या वाळूचा आहे. अंडी वाळूखाली गुदमरतात. योग्य तळ वरच्या बाजूला होता, पण बदललेल्या नदीत मासा तेथवर जात नव्हता. धरणातून वसंतात जादा पाणी सोडून पाहिले. तेवढ्याने भागले नाही. ती जात आज तगून आहे ती मुख्यतः कूटने आदिवासींच्या मत्स्यबीज केंद्रामुळे. कोणी म्हणेल, पाहा, अखेर मत्स्यबीज केंद्रच कामी आले! परंतु फरक लक्षात घ्यावा. तेथे केंद्र चालविणारे आदिवासी ते नदीच्या बदली म्हणून चालवीत नाहीत. नदीचा तळ पुन्हा घडवीपर्यंत जात तगावी म्हणून चालवितात, आणि तळाची मोजदाद सोडत नाहीत. येथे बोटुकल्या सोडण्याचा समारंभ झाला, मंत्र्यांचा फोटो निघाला, की प्रकरण समाप्त.

आता आपल्याच गोटातील एका आक्षेपाकडे वळणे भाग आहे, कारण तो कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा अधिक गंभीर आहे. धरणग्रस्तांना जमीन मिळत नाही, शहरांच्या वस्त्यांना पाणी मिळत नाही, आणि तुम्ही माशांच्या बाळंतपणाची चिंता कसली करता? हा प्रश्न अनेक निष्ठावान कार्यकर्ते विचारतात आणि तो तिरस्काराने नव्हे, तळमळीने विचारतात. त्यांना टेलिकोची आठवण करून दिली पाहिजे. अमेरिकेत टेनेसी खोऱ्यात टेलिको येथे धरण जवळजवळ पुरे झाले असताना, केवळ तीन इंच लांबीच्या, खडीच्या उथळ पट्ट्यांवर राहणाऱ्या एका माशासाठी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते थांबविले. देशभर टिंगल झाली. संसदेने सवलतीचा निर्णय करण्यासाठी मंत्र्यांची उच्चाधिकार समिती नेमण्याची तरतूद केली. त्या समितीने १९७९ च्या जानेवारीत काय ठरविले? सवलत एकमताने नाकारली, आणि नाकारली ती माशाच्या प्रेमाने नव्हे. चार्ल्स शुल्ट्झ हे अर्थशास्त्रज्ञ समितीत होते. झालेला खर्च सोडून द्या, केवळ उरलेला खर्च धरला तरी धरणापासून होणारा लाभ त्याहून कमी आहे, असा हिशेब निघाला. मासा नसता तर हा हिशेब कोणी मांडलाच नसता! पुढे संसदेत एका विधेयकाला पुरवणी चिकटवून धरण पुरे करण्यात आले आणि शेकडो शेतकरी कुटुंबांची जमीन पाण्याखाली गेली. (तो मासा स्वतंत्र जात आहे काय, ह्याविषयी २०२५ साली शास्त्रज्ञांनीच शंका उपस्थित केली आहे. त्याने धरणाच्या जमाखर्चात एका पैचाही फरक पडत नाही.)

माशाचा आणि माणसाचा प्रश्न वेगळा नाही, हे महाराष्ट्राला तर टेलिकोपर्यंत जाऊन शिकण्याची गरज नाही. १९२१ ते २४ ह्या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते धरण मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांचेच होते. भीमेच्या खोऱ्याचे पाणी अडवून घाटाखाली कोकणात सोडण्याची ती योजना. गावे बुडाली, भातखाचरे बुडाली, आणि बुडाले ते नद्यांचे वरचे पट्टेही. ज्या तलावांनी चढणीचा मार्ग अडविला त्या तलावांच्या काठीच पुढे महसीराचा पाळणा हलविण्यात आला, आणि आज त्याची कौतुके होत आहेत. दरोड्यानंतर अन्नछत्र घालणाऱ्याला दाता म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

महसीराची ही जात जगाला कळली ती पुण्यामुळे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साईक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. खुद्री हे नाव त्याने येथल्याच भोयांच्या तोंडून ऐकले असणार. परक्या सत्तेच्या त्या अधिकाऱ्याने शेत, जनावर, पाऊस, बाजारभाव आणि नदीतला मासा ह्या सर्वांची एकाच वहीत नोंद केली, कारण महसूल कोठून निघतो हे त्याला जाणून घ्यायचे होते. हेतू साम्राज्याचा होता; पण नदी ही उत्पादनाचे साधन आहे हे त्याला कळत होते. स्वतंत्र भारतातही ही परंपरा तुटली नव्हती. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. धरणाचा लाभ सरकारच्या तोंडून न ऐकता शेताच्या बांधावर जाऊन मोजायचा असतो, हा धडा तिने घालून दिला. बांधावरून नदीच्या पात्रात उतरणे, एवढेच काम बाकी होते. ते झाले नाही. मुळा-मुठेत आज काय वाहते ते पुणेकरांना नाकानेच कळते.

ह्या नोंदी ज्यांच्याजवळ आहेत ते लोक अजून आहेत. भोई, कोळी, कातकरी ह्यांना कोणत्या धावत्या पाण्यावर कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र आपल्या मत्स्यविकासाने त्यांना नदीतून उचलून जलाशयाचे ठेकेदार किंवा ठेकेदाराचे मजूर केले. जलाशयात गंगेच्या खोऱ्यातील कटला-रोहू सोडायचे, उजनीसारख्या ठिकाणी तिलापियाने पाणी व्यापले की त्यालाच उत्पादनवाढ म्हणायचे, आणि सहकारी सोसायटीला बोटुकल्यांचे बिल द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. ज्या माशाला नदी स्वतः फुकट जन्म देत होती त्याच्या जागी दरवर्षी विकत घ्यावे लागणारे बीज आले. शेतकऱ्याच्या घरातले बियाणे जाऊन कंपनीची पिशवी आली, त्याचीच ही पाण्यातली आवृत्ती. स्वयंभू उत्पादनसाधनाचे क्रयवस्तूत रूपांतर कसे होते हे शिकविण्यासाठी ह्याहून स्वच्छ उदाहरण अभ्यासवर्गांना मिळणार नाही.

म्हणून ज्या जिल्ह्यांत पक्षाचे काम आहे तेथे हा प्रश्न हाती घेता येण्यासारखा आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे देवाचे मासे म्हणून गावकऱ्यांनी महसीर राखला आहे. कोणत्याही सरकारी फतव्यावाचून, केवळ लोकांच्या संकेताने. ही मोठी गोष्ट आहे. तिची देवभोळेपणा म्हणून थट्टा करणाऱ्यांनी आपल्या पुरोगामित्वाने राखलेला एखादा डोह दाखवावा. परंतु डोहात मासा राहतो, वाढतो; अंडी घालण्यास तो दुसरीकडे जातो. जून-जुलैत ते मासे डोहातून कोठे जातात? ती जागा किती लांब आहे? मध्ये बंधारा आहे काय, आणि त्याला मासा चढेल अशी वाट ठेवली आहे काय? त्या जागेवरून खडी-वाळू उचलण्याचा परवाना दिलेला आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तहसील कचेरीत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर पाच हेक्टरांखालील वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण-परवानगी लागते. तेव्हा कागद असलाच पाहिजे आणि तो मागण्याचा अधिकार गावाला आहे. त्या कागदावर पट्ट्याची लांबी-रुंदी असते, किती ब्रास माल निघेल ते असते, सरकारला किती स्वामित्वधन मिळेल ते असते. त्याच पट्ट्यावर शंभर दगडांची मोजणी करून, गावातील म्हाताऱ्या भोयाची साक्ष नोंदवून, ती मापे ग्रामसभेच्या ठरावाला जोडून लिलावाच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवणे हे दोन रविवारांचे काम आहे. मोजणी उन्हाळ्यात, पात्र उघडे असताना होते. साक्ष केव्हाही घेता येते. मासा प्रत्यक्ष चढतो की नाही ते मात्र मृगाच्या पावसानंतर, नदीकाठी भिजत उभे राहूनच पाहावे लागेल.